मी दोन इंच वाढलो

३ जानेवारी, शनिवार

सिर्काने विनिपेगला परत पोचल्यावर ख्रिसमसचे फोटो पाठवले. चाळीस. एकोणचाळिसांत मी बरा आहे. चाळिसाव्यात एक म्हातारा पाठमोरा उभा राहून ओव्हनमधलं हॅम वाकून बघतोय. पाठ अशी, की वर एखादं मूल बसवून घोडा घोडा खेळावं. मला वाटलं हेल्वीच्या माहेरचं कुणीतरी असेल. मग स्वेटर ओळखला.

हेल्वीला दाखवला. तिने चष्मा लावून नीट निरखला. म्हणाली, "हॅम मस्त झालं होतं, नाही?"

माझी बायको मनाने फार चांगली. मला लागू नये म्हणून विषय बदलते.

संकल्प: पोक घालवणे. ईस्टरला सिर्का पुन्हा येईल तेव्हा दार उघडायला वेगळाच बाप आला पाहिजे. ही वही फक्त माझ्यासाठी. कुणाला दाखवायची नाही.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.१०

आजपासून ईस्टरपर्यंत बरोब्बर नव्वद दिवस. मोजले. हा योगायोग नाही, कारण कर्नल डॅशील यांचा कोर्सही नव्वद दिवसांचाच आहे. कर्नल रोज इंटरनेटवर अकरा मिनिटं बोलतात. निवृत्त आहेत. कुठल्या सैन्यातून ते कळलं नाही, पण छाती बघितली की विचारावंसं वाटत नाही.

कर्नल म्हणतात, माणसाची सगळी दुःखं पाठीच्या कण्यातून येतात. खांदे पडले की फुप्फुसं दबतात, फुप्फुसं दबली की मन दबतं. मला हे एकदम पटलं. गेलं वर्षभर सकाळी उठावंसं वाटत नाही. डॉक्टरांनी तेव्हा काहीतरी भलतंच नाव सांगून गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या मी घेतल्या नाहीत. पाठीचा आजार आणि गोळ्या मनाच्या, असं कसं चालेल?

नियम १: खांदे मागे, छाती पुढे, हनुवटी आत. नियम २: पट्टा. (मागवला आहे.) नियम ३: नव्वद दिवस कमरेतून वाकायचं नाही. कुठल्याही कारणासाठी नाही.

संध्याकाळी नियम ३ हेल्वीला सांगितला. तिने विचारलं, "म्हणजे बर्फ कोण उपसणार?"

मी म्हटलं, नव्वद दिवसांचा तर प्रश्न आहे.

ती म्हणाली, "रेनो, हिवाळाही तेवढाच असतो."

१२ जानेवारी, सोमवार

पट्टा आला. शर्टाच्या आत घालायचा, दोन्ही खांद्यांवरून नेऊन मागे करकचून ओढायचा. सोबत एक यंत्र. ते पाठीला चिकटवायचं. जरा वाकलं की ते गुरगुरतं.

ऑफिसला गेलो. आमचं ड्रायव्हिंग लायसन्सचं ऑफिस. सव्वीस वर्षं झाली, थंडर बेमधल्या निम्म्या गावाचे फोटो मी काढलेत. आज पहिल्यांदाच जाणवलं की हे सगळे लोक माझ्यासमोर किती वाकडे बसतात. सव्वीस वर्षं मी गप्प राहिलो. आता नाही. प्रत्येकाला सांगितलं, खांदे मागे घ्या, हनुवटी आत. मग फोटो.

एका खाणकामगाराला जरा वेळ लागला. त्याचे खांदे जात नव्हते मागे. तो म्हणाला, "साहेब, फोटो काढायचाय. पुतळा नाही बसवायचा चौकात."

बदल सुरुवातीला लोकांना टोचतोच. यंत्र दिवसभरात एकतीस वेळा गुरगुरलं.

१३ जानेवारी, मंगळवार

एकोणतीस वेळा. प्रगती.

२५ जानेवारी, रविवार. दुपारी

काल रात्रीतून फूटभर बर्फ. सकाळी हेल्वीने रस्त्यापर्यंतची वाट उपसली. मी खिडकीतून नीट लक्ष ठेवून होतो. ती फावडं मारताना पाठ गोल करते. काच वाजवून खुणेने सांगितलं. तिनेही खुणेने काहीतरी सांगितलं.

आत आल्यावर ती बराच वेळ खुर्चीची पाठ धरून उभी होती. मी म्हटलं, बघ, चुकीच्या पद्धतीने उपसलं की असं होतं. एकतीस वर्षं शाळेची बस चालवली हिने, सीटवर पोक काढून. एवढी वर्षं बसलेली सवय काय एका दिवसात जाते? मी तिला कर्नलांचा सहावा भाग लावून दिला. ती सातव्या मिनिटाला झोपली. बसल्या बसल्या. तेही वाकडी होऊन.

२ फेब्रुवारी, सोमवार. रात्री जेवणानंतर

मोठी बातमी!

जिन्याजवळ आरसा आहे आणि शेजारी आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाचा फोटो. आज हेल्वी आणि मी दोघंही एकदम आरशासमोर आलो. फोटोत तिचं डोकं माझ्या कानाच्या वर लागतंय. आज आरशात ते कानाच्या पाळीच्या खाली!

मी दोन इंच वाढलो. अठ्ठाविसाव्या दिवशी. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

लगेच दाराच्या चौकटीशी उभा राहिलो आणि टेपने मोजलं. पाच फूट नऊ. म्हणजे होतो तेवढाच. पण ती टेप तळघरातली आहे, दमट हवेत ताणली गेली असणार. शिवाय चौकट घराबरोबर खचली आहे. आरसा मात्र खोटं बोलत नाही.

हेल्वीला सांगितलं. ती म्हणाली, "अभिनंदन. मग वरच्या फळीवरचा वेलदोड्याचा डबा काढून दे. हल्ली माझा हात पोचत नाही तिथे."

एका हातात काढून दिला. टाचासुद्धा उचलाव्या लागल्या नाहीत. पूर्वी लागायच्या की नाही आठवत नाही. लागत असणारच.

११ फेब्रुवारी, बुधवार

शेजारचा आर्वो सालो गेला. आज अंत्यविधी. चांगला माणूस होता. कर्नलांनी एकविसाव्या भागात सांगितलंय की दुःखाच्या प्रसंगी शरीर आक्रसतं, तेव्हाच त्याला उलटा हुकूम द्यायचा. दोन मिनिटं छाती पुढे काढून, हलकं स्मित. दुःख आपोआप पळतं.

पहिल्या ओळीत बसून हे केलं. दोन मिनिटं नाही, पूर्ण चाळीस मिनिटं. दुःख खरोखरच झालं नाही. मान वर असल्यामुळे छतावरचे दोन बल्ब गेलेले तेवढे दिसले.

नंतर कॉफीच्या वेळी आर्वोच्या बायकोने हेल्वीला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, "रेनोला एवढा आनंद कशाचा झालाय?"

 घरी येताना गाडीत हेल्वी म्हणाली, "आर्वोबरोबर तू तेवीस वर्षं मासे पकडायला गेलास."

हो, गेलो. त्याचं काय? प्रार्थनेच्या वेळी सगळ्यांनी माना खाली घातल्या तेव्हा यंत्र एकदा गुरगुरलं. यंत्रात बिघाड असावा.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

ग्लेंडाने केबिनमध्ये बोलावलं. ग्लेंडा कोझाक माझी साहेब, पण माझ्यानंतर नऊ वर्षांनी लागलेली. तिने विचारलं, "रेनो, घरी सगळं ठीक ना? कुणावर रागावलायस का?"

मी म्हटलं, उलट, आयुष्यात एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

ती म्हणाली, "लोक म्हणतात, काउंटरवरचा माणूस आमच्या डोक्यावरून पलीकडे बघतो. आणि फोटोला माणशी सात मिनिटं लागतायत. काल रांग पार्किंगपर्यंत गेली होती."

मग तिने माझ्यासाठी एक वेगळी खोली काढल्याचं सांगितलं. मागच्या बाजूला. एकट्याची. सोमवारपासून नंबर प्लेटचं सगळं खातं माझ्याकडे. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची खोली! माणूस ताठ उभा राहिला की लोकांना त्याची पात्रता दिसते. कर्नल हेच सांगतात.

२३ फेब्रुवारी, सोमवार

खोलीला खिडकी नाही. प्लेटा सगळ्यात खालच्या फळीवर. गुडघे न वाकवता आणि कंबर न वाकवता चिमट्याने काढतो. दिवसभरात चौदा काढल्या. काउंटरवरून लोक ओरडतात.

१ मार्च, रविवार

हेल्वीने कर्लिंग सोडलं. क्लबमध्ये एकोणीस वर्षं खेळत होती, बर्फावर दगड सोडताना तिच्यासारखी खाली बसणारी बाई या गावात नाही. म्हणाली, "पाठीत जरा धरल्यासारखं होतंय. हवेमुळे असेल."

मी तिला पट्टा देऊ केला. नको म्हणाली. मी म्हटलं, यंत्र तरी लाव. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी यंत्र खिशात ठेवलं.

मला वाटतं ती मला जागा करून देतेय. क्लबवाल्यांना मी चौदा तारखेला व्याख्यान देणार असं कळवलं आहे, ते तिलाही माहीत आहे. एकाच घरातले दोघं एकाच क्लबात नको, असा विचार. समजूतदार बाई.

१४ मार्च, शनिवार. सकाळ

आज दुपारी दोन वाजता क्लबच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान. विषय: 'ताठ कणा, ताठ मन'. साठ खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत. कमी पडल्या तर आणखी तळघरात आहेत. भाषण पाठ. हेल्वीने वेलदोड्याचा पाव भाजलाय, एकटीने आठ लाद्या. तिला म्हटलं, पुरेल ना?

१६ मार्च, सोमवार

हे आडवं पडून लिहितोय. अक्षर म्हणूनच असं.

सात जण आले. त्यांतले दोघं हॉल रिकामा आहे समजून पत्ते खेळायला आलेले. काही हरकत नाही, दर्जा महत्त्वाचा. पहिली वीस मिनिटं उत्तम गेली. मग मी दाखवलं की ताठ कणा असलेला माणूस जमिनीवरची वस्तू कशी उचलतो. पाठ सरळ ठेवून, एका झटक्यात.

खाली गेलो. वर आलोच नाही.

पाठीत काहीतरी कुलूप पडल्यासारखं झालं. मी काटकोनात. लोकांना वाटलं हाही व्याख्यानाचाच भाग. एकाने वहीत चित्र काढून घेतलं. शेवटी हेल्वी पुढे आली आणि हळूच म्हणाली, "रेनो, हे मुद्दाम चाललंय का?" मी जमिनीकडे बघत म्हटलं, नाही.

पत्तेवाल्यांनी मला उचलून गाडीच्या मागच्या सीटवर आडवं टाकलं. ते परत गेले डाव संपवायला. खुर्च्या घडी करून हेल्वीनेच आवरल्या. मी गाडीचं छत बघत पडलो होतो. ती खूप वेळाने आली. चेहरा पांढरा. गाडी चालवताना प्रत्येक खड्ड्याला तोंडातून बारीक आवाज काढत होती. मला वाटलं माझ्यासाठी काढतेय.

१९ मार्च, गुरुवार

अजून आडवा. खिडकीतून सरोवरापलीकडचा 'झोपलेला राक्षस' दिसतो. अख्खा डोंगर उताणा पडलाय, हात छातीवर. हजारो वर्षं एकाच स्थितीत आणि पाठीची तक्रार नाही. याचा अभ्यास व्हायला हवा.

हेल्वी सूप आणते. जिन्यावर तिला फार वेळ लागतो. मध्ये थांबते. सूप गार होतं. सांगितलं नाही. माझं मोठं मन.

२८ मार्च, शनिवार

उभा राहिलो! दोन हात भिंतीला लावून, पण उभा. ईस्टरला आठ दिवस. कर्नल एक्क्याऐंशीव्या भागात म्हणाले की विजयाच्या अगदी आधी शरीर एकदा बंड करतं. तरीच.

५ एप्रिल, रविवार. ईस्टर. नव्वदावा दिवस

आज जे झालं ते क्रमाने लिहितो.

अकरा वाजता बेल वाजली. मी पट्टा आवळला, खांदे मागे घेतले आणि दार उघडलं. सिर्का म्हणाली, "हाय डॅड," आणि माझ्या बाजूने आत शिरली. हेल्वी स्वयंपाकघरातून हात पुसत येत होती. सिर्काने तिला मिठी मारली आणि सोडलंच नाही. मग लांब धरून बघत म्हणाली, "मॉम, तू एवढीशी कधी झालीस?"

हेल्वी म्हणाली, "ही स्लिपर सपाट आहे म्हणून."

मी खुलासा केला. म्हटलं, ती तेवढीच आहे, मी दोन इंच वाढलोय. आरशासमोर घेऊन गेलो. फोटो दाखवला, पद्धत समजावून सांगितली.

सिर्का माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. ती लहान असताना मी गॅरेजचं दार न उघडता गाडी मागे घेतली होती, तेव्हा अशीच बघत होती.

तिने टेप आणली. मला चौकटीला उभं केलं. पाच फूट नऊ. मी टेपबद्दल सांगू लागलो. ती म्हणाली, "डॅड, दोन मिनिटं गप्प बस." मग हेल्वीला उभं केलं. मग हेल्वीच्या पर्समधून तिचं लायसन्स काढलं आणि माझ्या हातात दिलं.

उंची १६४ सेंटिमीटर. फोटो मी काढलेला. चार वर्षांपूर्वी, माझ्याच काउंटरवर. चौकटीला १५९.

हेल्वी म्हणाली, "चला, हॅम गार होतंय."

६ एप्रिल, सोमवार

काही लिहायचं नाही.

९ एप्रिल, गुरुवार

डॉक्टरांकडे गेलो. सिर्काने सुट्टी वाढवली. एक्स-रे काढला. हेल्वीची हाडं ठिसूळ झाली आहेत. तीन मणके दबलेत. दोन जुने, कधी दबले ते सांगता येत नाही. एक ताजा, तीन-चार आठवड्यांचा.

मी विचारलं, खुर्च्या उचलल्यामुळे? बर्फामुळे?

डॉक्टर म्हणाल्या, "हे बरीच वर्षं चाललेलं असतं. शिंक आली तरी होऊ शकतं. कुणाची चूक नाही."

ऐकून एकदम सुटल्यासारखं वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचीच लाज वाटली. गाडीत बसल्यावर मनातल्या मनात मोजलं. साठ खुर्च्या. अकरा वेळा बर्फ. धुण्याच्या टोपल्या, मोजल्या नाहीत. तिला मी काच वाजवून पाठ सरळ कर म्हणून सांगत होतो.

विचारलं तिला, तू बोलली का नाहीस. ती म्हणाली, "तू वर्षभरानंतर पहिल्यांदा कशासाठी तरी सकाळी उठत होतास. म्हटलं, उठू दे."

पट्टा काढला. पाठीवर त्याचे वळ आहेत. उलट्या व्हीसारखे.

११ एप्रिल, शनिवार

पुरे झालं रडगाणं. माणसाने पुढे बघावं. नवा संकल्प: हेल्वीला मी बरं करणार. पाठीच्या विषयात या घरात एवढा अनुभव दुसऱ्या कुणाला आहे? रंगीत तक्ता केला. सकाळी ६.१० पासून दर पंधरा मिनिटांचं वेळापत्रक. फ्रिजवर लावला.

१२ एप्रिल, रविवार

तक्ता सापडत नाही. हेल्वीला विचारलं. ती म्हणाली, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिने सामानाची यादी केली आणि सिर्का ती घेऊन दुकानात गेली.

२२ एप्रिल, बुधवार

हेल्वीचा हाडांचा व्यायामवर्ग सुरू झाला. कम्युनिटी सेंटरमध्ये. आठ बायका आणि मी. मी सहायक म्हणून गेलो होतो. तसं कुणी नेमलेलं नाही, पण लक्षात येतंच.

शिकवणारी निकोल बूशे, सिर्काच्याच वयाची. पहिल्यांदा सगळ्यांना एका पायावर उभं केलं. हेल्वी बावीस सेकंद. मिसेस टकाच, वय एक्क्याऐंशी, सतरा सेकंद. मी सहा. जमीन त्या कोपऱ्यात उतरती आहे.

मग तिने वाकायला शिकवलं. कमरेतून नाही, खुब्यातून वाकायचं, ढुंगण मागे ढकलून, जसं दोन्ही हातांत सामान असताना आपण गाडीचं दार मागच्या मागे बंद करतो. हेल्वीला लगेच जमलं. बसची म्हणा, कर्लिंगची म्हणा, कसली तरी सवय असणार. मी केलं तेव्हा निकोल येऊन माझ्या खांद्यांवर हात ठेवून म्हणाली, "हे खाली सोडा. अजून. अजून. तुमच्या पाठीला काहीही झालेलं नाही हो. तुम्ही तिला नुसतं घाबरवून ठेवलंय."

मी म्हटलं, पण बसायची योग्य पद्धत कुठली?

ती म्हणाली, "कुठलीही. फक्त एकाच पद्धतीने दिवसभर बसू नका. हला, उठा, आळोखेपिळोखे द्या. खांब घराला लागतो, माणसाला नाही."

मग वर्ग संपल्यावर तिला एकटीला गाठून विचारलं, ताठ उभं राहून मन बरं होतं का? ती म्हणाली, थोडा वेळ बरं वाटतं खरं, चालून आलं तर जास्त. "पण कुणाला महिनोन्महिने सकाळी उठावंसंच वाटत नसेल, तर त्याने पाठीच्या मागे लागू नये. डॉक्टरांकडे जावं. कुणाबद्दल विचारताय?"

मी म्हटलं, एक मित्र आहे. त्याला निरोप देतो.

३० एप्रिल, गुरुवार

मित्राने डॉक्टरांची वेळ घेतली. बुधवारी साडेदहा.

६ मे, बुधवार

डॉक्टरांकडे गेलो. पाऊण तास. पाठीचा विषय निघालाच नाही. आर्वोचा निघाला. त्या वेळी मी कसा बसलो होतो ते आठवत नाही. खोक्यातले बरेच टिश्यू संपवले. डॉक्टरांनी दुसरं खोकं काढलं.

घरी येताना हेल्वीने गाडी चालवली. मधे थांबून गुलाबी आयसिंगचे दोन पर्शियन बन घेतले. एक माझा, एक तिचा. तिचाही मीच खाल्ला.

११ मे, सोमवार

ग्लेंडाने काउंटरवर परत घेतलं. एका महिन्याची परीक्षा म्हणून. आज अडतीस फोटो काढले, माणशी दीड मिनिट. लोक येतात तसे. काही वाकडे, काही तिरके. ओळखू आले म्हणजे झालं.

कर्नलांना कोर्सचे पैसे परत मागणारं पत्र लिहायला बसलो. मग एक्क्याण्णवावा भाग बघितला. त्यात ते खुर्चीवरून उठताना दिसले. दोन माणसांनी उठवलं. पत्र फाडलं.

१७ मे, रविवार. सकाळी १०

हेल्वी आंघोळीनंतर खूप वेळ बाहेर आली नाही. मी दारावर टकटक केली. ती टबाच्या काठावर बसलेली, हातात नेलकटर, चेहरा लाल. म्हणाली काही नाही. मग म्हणाली, "दोन महिने झाले. माझ्या पायापर्यंत माझा हात जात नाही."

सिर्काला सांगवेना म्हणाली, आणि निकोलला विचारायची लाज वाटते. मला विचारायचीही वाटतच होती, ते दिसत होतं.

मी खाली बसलो. फरशीवर, मांडी घालून. तिचा डावा पाय माझ्या मांडीवर घेतला. अडतीस वर्षांच्या संसारात मी हा पाय इतक्या जवळून पाहिला नव्हता. टाचेला जुना व्रण आहे. विचारलं तर म्हणाली, पहिल्या वर्षी बसच्या दाराचा. मला सांगितला होता म्हणे. तेव्हा मी काहीतरी दुसऱ्याच कामात असणार.

अंगठ्याचं नख फार जाड. पूर्ण पुढे वाकून कापायला लागलो, नाक पावलाला टेकेपर्यंत. ती म्हणाली, "बेताने, ते माझं आहे." मी म्हटलं, हलू नकोस. ती म्हणाली, "निकोल म्हणते हलत राहा." मग हसली आणि लगेच पाठीला हात लावला. "हसवू नकोस रे. दुखतं."

डाव्या पायाची पाच झाली. मान अवघडली, पाय बधिर, पाठीचं पार धनुष्य झालेलं असणार. मला वाटलं, हीच वेळ आहे विचारायची. एवढे महिने मेहनत घेतली, कुणीतरी प्रामाणिकपणे सांगायला हवं. मी विचारलं, जानेवारीपासून माझ्यात काही फरक दिसतो का? खरं सांग.

हेल्वीने नीट विचार केला. ती वर, मी खाली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

म्हणाली, "दिसतो. मागून केस बरेच गेलेत. वरून बघतेय म्हणून कळलं."

मग तिने उजवा पाय पुढे केला. मी मान खाली घालून करंगळीपासून सुरुवात केली.